विद्यार्थ्यांचा थरारपट, त्याचा ट्रेलर आणि सीमाभागातील प्रेक्षकाचे मन

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील महाविद्यालयांत मोबाइलवर लघुपट करणारे विद्यार्थ्यांचे गट आता नवलाचे राहिलेले नाहीत. त्यांपैकी अनेकांना मानसशास्त्रीय थरारपट हा प्रकार जवळचा वाटतो आणि त्याला व्यावहारिक कारणही आहे. या प्रकाराला भव्य सेट, पाठलाग किंवा मारामारी लागत नाही. एक जुने घर, दोन-तीन नट आणि एक संशय एवढ्यावर तो उभा राहू शकतो. परंतु पूर्ण लघुपट पाहायला प्रेक्षक यावा म्हणून जो दीड मिनिटाचा ट्रेलर केला जातो, त्याचे नियोजन सहसा दृश्यांच्या यादीपासून सुरू होते: रिकामा व्हरांडा, तडकलेला आरसा, बंद पडलेले घड्याळ, शेवटी किंकाळी. ही यादी नंतर करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. प्रेक्षकाच्या मनात एक अपेक्षा निर्माण करून ती अपुरी ठेवणे हे ट्रेलरचे काम आहे आणि अपेक्षा ज्याच्या-त्याच्या ओळखीच्या जगातून तयार होते. त्यामुळे ज्याला अस्वस्थ करायचे आहे त्याच्या घरात रोज कोणते आवाज असतात, तो कोणत्या भाषेत बोलणी खात मोठा झाला आणि ट्रेलर कोणत्या पडद्यावर पाहणार आहे, हे कॅमेरा हाती घेण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

दचकणे आणि धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. अचानक मोठा आवाज झाला की साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत आपल्या पापण्यांचे स्नायू आकुंचन पावू लागतात. आवाज कसला होता हे कळण्याआधीच शरीराने आपले काम उरकलेले असते. ही प्रतिक्षिप्त क्रिया जितक्या चटकन येते तितक्याच चटकन ओसरते आणि कथेशी तिचे काही देणेघेणे नसते. धास्तीचे तसे नाही. काहीतरी घडणार आहे, पण काय आणि केव्हा हे माहीत नाही, या अवस्थेत शरीर बराच काळ सावध राहते आणि त्या सावधपणात तोच आवाज अधिक दचकवतो. क्रिस्टियन ग्रियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की माणसे अंधारात बसलेली असताना त्यांची दचकण्याची प्रतिक्रिया उजेडातल्यापेक्षा तीव्र होते. उंदरांवरील प्रयोगांत याच्या नेमके उलट दिसते: निशाचर असल्यामुळे त्यांची ही प्रतिक्रिया प्रखर उजेडात वाढते. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण एखादी गोष्ट भीतिदायक ठरणे हे ती पाहणाऱ्या जिवाच्या जगण्यावर किती अवलंबून असते, ते त्यातून स्वच्छ दिसते.

आता एक कथा डोळ्यांसमोर धरू. समजा, बेळगावच्या वडगाव किंवा शहापूर भागातल्या एका विणकर कुटुंबातील मुलीला रात्री मागच्या खोलीतून माग चालू असल्याचा आवाज येतो. तो माग वडिलांनी विकून टाकलेला आहे आणि खोलीला कुलूप आहे. आजी म्हणते, मला काही ऐकू येत नाही. एवढ्या सामग्रीवर ट्रेलर कसा बांधावा? अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये कुतूहलाची एक मांडणी केली. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक व्हावेसे वाटते, त्यांच्यामधील अंतर जाणवू लागले की कुतूहल जागे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. याचा पोटअर्थ असा की मुळात काहीच माहिती नसेल तर अंतरही जाणवत नाही. विद्यार्थ्यांच्या अनेक ट्रेलरांत नेमके हेच घडते: अंधार, धूर, पळणारे पाय, रक्ताचा डाग असे तुकडे एकामागून एक येतात, पण ही मुलगी कोण, घर कोणाचे, तिला काय गमवायचे आहे, यांतले काहीच कळत नाही आणि प्रेक्षक कुतूहलाशिवाय बसून राहतो. आपल्या उदाहरणात पहिली वीस-पंचवीस सेकंदे पूर्ण उजेडात, नेहमीच्या घरात घालवणे गरजेचे आहे. माग होता, तो विकला, खोली बंद आहे, या तीन गोष्टी प्रेक्षकाला नि:संदिग्धपणे कळल्या, तरच रात्रीच्या आवाजाला अर्थ येतो.

आवाजाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ट्रेलरचा निम्म्याहून अधिक परिणाम तोच घडवतो असे माझे मत आहे आणि विद्यार्थी त्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. वडगाव, शहापूर, खासबाग या वस्त्यांत यंत्रमागाचा खडखडाट ही इतकी नित्याची गोष्ट आहे की तेथे राहणाऱ्याला ती ऐकू येईनाशी होते. तो आवाज एकाएकी थांबला तर मात्र लगेच जाणवते. मेंदूच्या विद्युत लहरींच्या अभ्यासात या घटनेची खूण सापडते: एकसारख्या आवाजांच्या मालिकेत एक आवाज वेगळा आला, की ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असले तरी, साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांच्या दरम्यान मेंदू अपेक्षाभंगाची नोंद करतो. फिनलंडचे रिस्टो नॅटनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये तिचे वर्णन केले. वेगाने येणाऱ्या मालिकेतून एखादा आवाज नुसता गाळला तरी अशी नोंद होऊ शकते. म्हणजे, कर्कश संगीत न लावताही, आधी मागाची एकसुरी लय प्रेक्षकाच्या कानात मुरू देऊन नंतर तिच्यातला एक ठोका चुकवणे, हे प्रभावी साधन आपल्या हातात आहे. ते शहापूरच्या प्रेक्षकाला सर्वाधिक भिडेल. ज्याने माग कधी ऐकलेला नाही त्याला आधी ती लय पुरेशी ऐकवावी लागेल.

किंकाळीसंबंधीही ठोस माहिती उपलब्ध आहे. लुक आर्नाल आणि सहकाऱ्यांच्या 2015 मधील संशोधनानुसार किंकाळीतील ध्वनीची तीव्रता सेकंदाला 30 ते 150 वेळा वरखाली होते. नेहमीच्या बोलण्यातील चढउतार याहून कितीतरी संथ असतात. या खरखरीतपणामुळे किंकाळी अप्रिय आणि धोक्याची वाटते आणि मेंदूतील अमिग्डाला हा भाग तिला अधिक प्रतिसाद देतो. गंजलेली बिजागरी, दगडावर ओढलेला पत्रा यांच्या आवाजातही असा खरखरीतपणा असतो. नटीला ओरडायला लावण्याऐवजी तोच आवाज वापरता येईल.

येथे पडद्याचा, किंबहुना स्पीकरचा प्रश्न येतो. महाविद्यालयाच्या सभागृहात ट्रेलर एकदाच दाखवला जातो. त्यानंतर तो मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो, बहुधा खानापूरहून सकाळी निघणाऱ्या बसच्या किंवा पॅसेंजर गाडीच्या गोंगाटात. मोबाइलचा लहान स्पीकर साधारण 200 ते 300 हर्ट्झच्या खालचे स्वर फार क्षीण वाजवतो, त्यामुळे संगणकावर हेडफोन लावून रचलेली खोल घुमणारी गुरगुर तेथे जवळजवळ नाहीशी होते. त्यावर एक उपाय श्रवणशास्त्रातूनच मिळतो. 60 हर्ट्झचा मूळ स्वर वाजत नसला, तरी त्याच्या पटीतील 240, 300, 360 हर्ट्झचे स्वर एकत्र ऐकू आले तर मेंदू गाळलेला खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. खोल आवाजात असे वरचे स्वर मिसळले की गुरगुर बसमध्येही पोहोचते. दृश्यांनाही हीच अडचण आहे: दिवसा उजेडात अंधारे दृश्य पाहणाऱ्याला मोबाइलच्या काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. म्हणून रात्रीच्या दृश्यातही एखादी उजळ जागा ठेवावी, दाराच्या फटीतून येणारी प्रकाशरेघ किंवा कंदिलाची काच, म्हणजे डोळ्याला धरायला काहीतरी राहील.

भाषेचा प्रश्न सीमाभागात टाळताच येत नाही. एकाच वर्गात मराठी माध्यमातून आलेली, कन्नड माध्यमातून आलेली आणि घरी कोकणी किंवा उर्दू बोलणारी मुले बसतात. धमकी, कुजबुज, हाक ही कोणत्या भाषेत असावी? कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. भावना चाळवल्या की घामाच्या ग्रंथींमुळे ही वाहकता वाढते. लहानपणी ऐकलेली दटावणीची वाक्ये मातृभाषेत कानी पडली तेव्हा प्रतिक्रिया इंग्रजीपेक्षा ठळक होती. पुढील अभ्यासात मात्र असे दिसले की दुसरी भाषा अगदी बालपणीच शिकलेल्यांमध्ये हा फरक उरत नाही. बेळगावसाठी ही दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे, कारण गल्लीत खेळताना दोन्ही भाषा एकदमच कानावर पडलेली मुले येथे पुष्कळ आहेत. ‘झोपली नाहीस काय गे अजून?’ हे आजीचे वाक्य प्रमाण मराठीत घासूनपुसून घेतले तर या भागातल्या प्रेक्षकासाठी त्यातली आजी निघून जाते. आणि बंद खोलीतून आलेला प्रश्न ‘यारु?’ (कोण?) असा कन्नडमध्ये आला, तर मराठी घरातील मुलालाही तो कळतो, शिवाय मराठी घराच्या बंद खोलीत कन्नड बोलणारे कोण, असा नवा संशय फुकट मिळतो. उपशीर्षके द्यायचीच असतील तर ती छोटी असावीत. वाचण्यात गुंतलेला डोळा त्या क्षणी चेहरा पाहत नाही.

संकलनाबाबत एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात प्रेक्षकांना वेगवेगळ्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूचे चुंबकीय प्रतिमांकन केले आणि सर्वांच्या मेंदूतील हालचाली एकमेकींशी किती जुळतात ते तपासले. हिचकॉक यांच्या दूरचित्रवाणीवरील एका भागाने मेंदूच्या बाह्यकाच्या 65 टक्क्यांहून अधिक भागात अशी जुळणी घडवली, तर एका बागेत कॅमेरा नुसता ठेवून केलेल्या सलग चित्रणाने 5 टक्क्यांहूनही कमी. जुळणी म्हणजे कलात्मक दर्जा नव्हे. मात्र कोणाचे लक्ष केव्हा कोठे जावे हे ठरवणारी रचना प्रेक्षकांच्या मनांना एका रांगेत आणते आणि जंगलात किंवा किल्ल्यावर सुंदर दृश्ये टिपून ती नुसती जोडल्याने ते साधत नाही. (खानापूरच्या जंगलातील बारापेडे गुहांमध्ये चित्रीकरणाचा मोह तर कटाक्षाने टाळावा, तेथे रॉटनच्या वटवाघळाची दुर्मीळ वसाहत आहे आणि दिव्यांनी व वर्दळीने तिला त्रास होतो.) शीर्षक कोठे यावे, याचेही उत्तर मानसशास्त्रात आहे. डॉल्फ झिलमन यांनी 1971 पासून मांडलेल्या सिद्धांतानुसार शरीराची उत्तेजना हळूहळू ओसरते आणि तिचा उरलेला अंश पुढच्या भावनेला गडद करतो. म्हणून सर्वांत तणावाच्या क्षणानंतर लगेच शांत, साधे दृश्य आणि त्यावर लघुपटाचे नाव ठेवले, तर ते नाव त्या उरलेल्या उत्तेजनेसह लक्षात राहते.

प्रेक्षकांची विभागणी करताना वय आणि शिक्षण यांच्या पलीकडे जावे. मार्विन झुकरमन यांनी 1964 मध्ये थराराची ओढ मोजण्याची प्रश्नावली तयार केली. ही ओढ तारुण्यात सर्वाधिक असते आणि वयानुसार कमी होते, असे त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. स्नेहसंमेलनात मात्र आईवडील आणि लहान भावंडेही बसलेली असतात. चित्रपट प्रमाणनात 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर यूए श्रेणीचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत; विद्यार्थ्यांनी आपला ट्रेलर यांपैकी कोठे बसतो, हे स्वतःलाच विचारून पाहावे.

या प्रकारात एक जबाबदारी अशी आहे की तिच्याबाबत मी तडजोड मान्य करणार नाही. ‘ती वेडी होती म्हणून तिने खून केला’ हा शेवट सोपा असतो, पण मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात आणि इतरांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यताच त्यांच्या बाबतीत अधिक असते. ज्या गावात धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत उपचारासाठी जाणेही लोक शेजाऱ्यांपासून लपवतात, तेथे असा ट्रेलर एखाद्याचे उपचार लांबवू शकतो. आपल्या कथेतील मुलीला येणारा आवाज आजाराचा असो वा कोणी रचलेल्या कपटाचा, ट्रेलरने तिला धोका म्हणून न दाखवता तिची घालमेल दाखवावी. कथेत नैराश्य किंवा आत्महत्येचा विषय येत असेल तर शेवटी टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक जरूर द्यावा.

कच्चा ट्रेलर तयार झाला की मित्रांना ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. मित्र चांगलाच म्हणतील. दोन आवृत्त्या कराव्यात, एक ठोका चुकवणारी आणि एक न चुकवणारी, आणि चिठ्ठ्या टाकून कोणी कोणती पाहायची ते ठरवावे. निम्मे प्रेक्षक गटाबाहेरचे असावेत: कन्नड माध्यमाचा वर्ग, निपाणीकडची पाहुणेमंडळी, वडगावातील एखादे विणकर कुटुंब. प्रत्येकाला एकट्याने, त्याच्याच मोबाइलवर पाहू द्यावे, कारण घोळक्यात पहिल्याने दिलेले मत बाकीचे उचलतात. चाळिसाव्या सेकंदाला चित्र थांबवून एकच प्रश्न विचारावा, पुढे काय होईल, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच भाषेत लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून काय आठवते ते विचारावे. वेगवेगळ्या प्रेक्षकांचे अंदाज वेगवेगळे आले तर काळजीचे कारण नाही. प्रत्येकाकडे काहीतरी अंदाज आहे, एवढे पुरे. ‘काय चाललंय तेच कळलं नाही’ असे उत्तर अनेकांकडून आले तर सुरुवातीच्या उजेडातल्या सेकंदांत भर घालावी, आणि ‘हे होणार हे कळलंच होतं’ असे आले तर दृश्ये बदलण्यापूर्वी आवाजाचा पट्टा बदलून पुन्हा तपासावे, कारण त्याला नव्याने चित्रीकरण, परवानग्या आणि खर्च लागत नाही.