ओसरी बंद करायची, पण काचेने की जाळीने?

गोव्यात जुनं घर दुरुस्तीला काढलं किंवा नवं बांधायला घेतलं की हल्ली एक विषय हमखास निघतो: पुढची ओसरी किंवा मागची पडवी बंद करून घ्यायची का? मोबाईलवर फोटो पाहिले तर दोन प्रकार दिसतात. एक सनरूम: तिन्ही बाजूंना काच, कधी छपरालाही काच. दुसरा स्क्रीन्ड पोर्च: वर पक्कं छप्पर आणि बाजूंना मच्छरजाळी. फोटोत दोन्हीकडे वेताच्या खुर्च्या, कुंड्या आणि भरपूर उजेड असतो, त्यामुळे निवड फक्त दिसण्याची आणि पैशांची वाटते. तसं नाही. दोन्हींची कामं अगदी उलटी आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांना जाळीच लागते.

सनरूम थंड देशांतली. तिथे हिवाळ्यात ऊन दुर्मीळ, म्हणून आलेलं ऊन कोंडून ठेवायचं. उन्हाचे किरण काचेतून सहज आत येतात, फरशी आणि फर्निचर तापवतात. पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता काचेतून तशी बाहेर पडत नाही. साध्या सहा मिलिमीटर काचेतून उन्हाची सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. कॅनडात जानेवारीत हे वरदान आहे. पणजीत मात्र डिसेंबरातही दुपारचा पारा तिशीच्या वर असतो. त्यात गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर. अशा ठिकाणी छपराला काच लावणं म्हणजे ऐन उन्हाळ्यात स्वतःच्या घरात भट्टी पेटवणं. पडदे लावू, असं सगळे म्हणतात. पण पडदा आतल्या बाजूला असतो. तिथे पोहोचेपर्यंत ऊन घरात शिरलेलंच असतं. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं लागतं: छपराचा लांब पुढावा, बांबूची चीक, नाहीतर झाडाची सावली.

जाळीची गोष्ट वेगळी. तारेची जाळी अमेरिकेत १८६०च्या दशकात खिडक्यांना बसू लागली आणि नंतर ओसऱ्यांवर आली, ती उकाडा आणि डास एकाच वेळी सोसणाऱ्या लोकांसाठी. आपली अडचण नेमकी तीच. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात, आणि ओसरीवर बसण्यातलं सगळं सुख त्या वाऱ्यात असतं. काच तो वारा तोडते. जाळीही थोडा अडवते, नाही असं नाही, पण वर पंखा लावला की चालून जातं.

डासांचं मी हलक्याने घेणार नाही. १९८६नंतर पणजीत मलेरियाने जोर धरला, त्यामागे बांधकामांवरच्या पाण्यात आणि टाक्यांत वाढणारा डास होता. डेंगीचा डास तर दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे आपण चहाचा कप घेऊन ओसरीवर बसतो नेमका तेव्हाच. म्हणून जाळी बसवायची तर पुरती बसवा. कौलारू घरात लोक खांबांमध्ये सुंदर जाळी ताणतात आणि भिंतीच्या माथ्यावर, वाशांच्या मध्ये राहिलेली वितभर फट विसरतात. डास तिथून आत येतो आणि मग बाहेर जायची वाट त्यालाही सापडत नाही. कौलांखालीसुद्धा जाळी घ्यायला हवी. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग लावा आणि खालच्या फटीला ब्रश. कुंड्यांखालच्या बशा आत ठेवल्यात तर दर आठवड्याला घासून कोरड्या करा, नाहीतर डासांची पैदास जाळीच्या आतच होईल.

जाळी कुठली घ्यायची, तेही समुद्र ठरवतो. किनाऱ्याजवळ साधी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी खाऱ्या हवेत लवकर गंजते. फायबरची जाळी गंजत नाही, पण मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. किनाऱ्याजवळ ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील सर्वांत चांगलं. ३०४ वरही खाऱ्या हवेने तांबूस डाग पडतात. चौकटीच्या खाचेत रबराची दोरी दाबून जाळी धरलेली असेल तर फाटलेला तेवढा भाग घरच्या घरी बदलता येतो. चौकटी सुट्या काढता येतील अशाच करून घ्या, चवथीला घर माणसांनी भरतं तेव्हा ओसरी मोकळी करता येते.

जाळीची खरी परीक्षा पावसात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. नैऋत्येकडून झड आली की जाळी काहीच अडवत नाही. पाणी तुषार होऊन थेट खुर्चीपर्यंत येतं. पूर्वी पावसाआधी ओसरीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधत, आज त्या बाजूला गुंडाळता येणारा जाड प्लास्टिकचा पडदा लावतात. पश्चिम आणि नैऋत्य बाजूलाच लावला तरी पुरे.

काचेच्या खोलीत झड येत नाही हे खरं, पण दमटपणा आत अडकतो. आठ दिवस बंद राहिली की चामड्याच्या चपलेवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते. एसी लावला तर दमट हवेमुळे काच बाहेरून घामेजते आणि बाहेरचं काही दिसत नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी जायला बारीक भोकं असतात. ती धूळ आणि पाल्याने तुंबली की पाणी आतल्या फरशीवर उतरतं. काच घेतलीत तर ही भोकं मेअखेरीस काडीने मोकळी करायची सवय लावून घ्या.

तरी काचच घ्यावी अशी घरं आहेत. डिचोली, सांगे भागात खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून घर असेल, तर तांबडी धूळ जाळीतून सरळ आत येते. घरात दम्याचं माणूस असेल तर काच लागेलच. हमरस्त्याचा आवाज जाळीने थांबत नाही. आणि ओसरीची अभ्यासिका करायची, कॉम्प्युटर ठेवायचा, तर एसीशिवाय चालणार नाही आणि एसीला जाळी उपयोगाची नाही. पण मग काच उत्तर किंवा पूर्वेकडच्या बाजूला घ्या, छप्पर कौलांचंच ठेवा, काच कठीण केलेली आणि उष्णता परतवणारी घ्या, आणि निम्म्या खिडक्या पूर्ण उघडतील अशा करा. पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत कुणी कितीही सुचवली तरी घेऊ नका.

काम सुरू करण्याआधी पंचायतीत किंवा पालिकेत विचारून घ्या. काचेने बंद केलेली ओसरी खोली म्हणून चटईक्षेत्रात धरली जाऊ शकते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी संमतीही हातात ठेवा.