ग्रीवा रोहिणीतील प्लाकचे प्रतिमांकन

मानेतील ग्रीवा रोहिणीच्या (धमनीच्या) भिंतीत साचलेल्या मेदयुक्त थराची, म्हणजे प्लाकची, जाडी व घडण प्रतिमांवरून तपासून पक्षाघाताचा धोका अजमावण्याची तंत्रे. हा थर बहुधा रोहिणी दुभंगते तेथे, मेंदूकडे जाणाऱ्या अंतर्गत शाखेच्या मुखाशी असलेल्या फुगवट्यात साचतो. तो फुटल्यास त्यावर जमलेली गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते.

धोक्याचे रूढ माप म्हणजे अरुंदपणाची टक्केवारी. परंतु ती काढण्याची रीत एकच नाही. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांपैकी उत्तर अमेरिकी चाचणीत रक्त वाहण्यास उरलेल्या वाटेची तुलना पुढील निरोगी रोहिणीच्या व्यासाशी केली, तर युरोपीय चाचणीत त्याच जागी मूळ व्यास किती असावा या अंदाजाशी. उरलेली वाट २.५ मिमी., पुढील रोहिणी ५ मिमी. व मूळ फुगवटा ८ मिमी. धरल्यास तीच रोहिणी पहिल्या रीतीने ५० टक्के, तर दुसरीने सुमारे ६९ टक्के अरुंद ठरते. केवळ वाट दाखविणाऱ्या अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणात) मूळ व्यास कल्पावाच लागत असल्याने पहिली रीत अधिक ग्राह्य वाटते. जुने अहवाल वाचताना मात्र कोणती रीत वापरली, हे पाहणे भाग आहे. डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत, टक्केवारी मुख्यतः रक्ताच्या वेगावरून ठरवितात. अंतर्गत शाखेत महत्तम वेग सेकंदास २३० सेंमी.हून अधिक भरल्यास अरुंदपणा किमान ७० टक्के समजण्याचा संकेत आहे.

टक्केवारी कमी असूनही काही प्लाक फुटतात, म्हणून नव्या तंत्रांचा रोख घडणीकडे आहे. त्यांत एमआरआयचे स्थान सर्वांत भक्कम दिसते. प्लाकमधील रक्तस्रावात मेथहीमोग्लोबिन (हीमोग्लोबिनचे बदललेले रूप) तयार होते व ते टी-१ प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत ठळक पांढरे उमटते. त्यासाठी शिरेतून औषध टोचावे लागत नाही. सीटी अँजिओग्राफीत व्रण व कॅल्शियम स्पष्ट दिसतात, पण रक्तस्राव व मेद यांतील भेद तितकासा खात्रीचा नसतो. सूक्ष्म बुडबुडे टोचून केलेल्या सोनोग्राफीत प्लाकमधील नव्या केशिका, तर किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या पेट स्कॅनमध्ये दाह टिपला जातो. ही दोन्ही तंत्रे अद्याप प्रामुख्याने संशोधनापुरती आहेत. २०२३ मध्ये मांडलेल्या ‘प्लाक-रॅड्स’ वर्गीकरणात रक्तस्राव असलेला प्लाक, अरुंदपणा कितीही असो, चौथ्या म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात टाकला आहे. प्लाक काढण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय तथापि अजून बव्हंशी टक्केवारीवरच होतो.

नाशिक शहरात मानेची डॉप्लर तपासणी परिचित आहे. त्याच जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील रुग्णास मात्र त्यासाठी बहुधा शहर गाठावे लागते. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आवश्यक असल्याने यंत्र गावोगाव नेणेही सोपे नाही. शिवाय भारतीय रुग्णांत कवटीच्या आतील रोहिण्यांचा विलेपी विकार (भिंतीत मेद साचून त्या अरुंद होणे) पाश्चात्त्यांच्या तुलनेने अधिक आढळतो. त्यामुळे मानेची तपासणी निर्दोष आली, तरी मेंदूच्या रोहिण्यांची स्वतंत्र प्रतिमा घ्यावी लागते.