पार्श्वभूमी : तिकिटाच्या पाठीवरचा डिंक

टपाल तिकिटांच्या देवघेवीत हमखास वाद घडवणारा एक शब्द आहे, तो म्हणजे 'मिंट'. टपाल कार्यालयाच्या फिलाटेली (तिकीटसंग्रह) काउंटरवर मिंट म्हणजे न वापरलेले, काउंटरवरून हातात पडले तसे तिकीट. जुने संग्राहक मिंट म्हणत ते शिक्का न पडलेल्या तिकिटाला. मागे हिंजची, म्हणजे तिकीट अल्बमला लावायच्या डिंकाच्या कागदी पट्टीची, खूण असली तरी त्यांची हरकत नसे. लिलावाच्या यादीत मात्र मिंट म्हणजे समोरून कोरे आणि मागून छापखान्यातून निघाले त्या दिवशीसारखा अखंड, गुळगुळीत डिंक असलेले. युरोपातल्या कॅटलॉगांनी यावर चांदण्यांचा (*) उपाय काढला. दोन चांदण्या म्हणजे डिंकाला कुणाचा हात लागलेला नाही, एक चांदणी म्हणजे हिंज लागलेले, कंसातली चांदणी म्हणजे डिंकच नाही. आपल्याकडच्या विक्रीच्या याद्यांत या चांदण्या क्वचित दिसतात. तिन्ही प्रकार 'मिंट' या एकाच शब्दाखाली येतात, आणि पार्सल उघडल्यावर भांडण सुरू होते.

भारताच्या बाबतीत तर या शब्दाचा पायाच कच्चा आहे. 1852 साली सिंध प्रांतापुरती निघालेली अर्ध्या आण्याची तिकिटे बाजूला ठेवू. सर्व हिंदुस्थानासाठी 1854 च्या ऑक्टोबरात आलेली पहिली तिकिटे कलकत्त्यात छापली गेली, ती डिंक न लावता आणि दातरे, म्हणजे तिकिटे फाडून सुटी करण्यासाठीची छिद्रे, न पाडता. घेणाऱ्याने कात्रीने कापायची आणि घरच्या खळीने चिकटवायची. म्हणून त्या तिकिटांची किंमत ठरते ती चारही बाजूंना किती कागद सुटला आहे यावर. डिंकाचा प्रश्नच येत नाही. उलट त्यांच्यामागे डिंक सापडला तर तो नंतर कुणीतरी लावलेला. काही संस्थानांची तिकिटेही अशीच बिनडिंकाची होती. आपल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोलाच्या तिकिटांना 'अखंड डिंक' हा निकष लागूच होत नाही, हे यादी वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

1855 पासून तिकिटे लंडनहून छापून येऊ लागली, ती डिंकासकट. सुमारे सत्तर वर्षे हेच चालले. 1926 पासून छपाई नाशिकला होऊ लागली, आणि वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, तोही बदलला. आधी प्रत्येक तिकिटामागे एक चांदणी येई, आता पूर्ण कागदभर चांदण्यांच्या ओळी आल्या. नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त 1931 साली निघालेल्या सहा तिकिटांत या चांदण्यांची टोके काही प्रतींवर डावीकडे तर काहींवर उजवीकडे वळलेली आहेत, आणि हा फरक कळतो तो मागून पाहिल्यावरच. तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून त्यावर लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकले की चांदण्या काळसर होऊन वर येतात. पेट्रोलने डिंक विरघळत नाही, ते काही सेकंदांत उडून जाते. अर्थात जवळ दिवा, उदबत्ती काही नको. फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने (फोटोवरून कोरलेल्या सिलिंडरने) छापलेल्या तिकिटांवर हा प्रयोग टाळावा, कारण त्यांची काही शाई पेट्रोलने सुटते. नाशिकला ही पद्धत आली ती 1952 च्या संत-कवींच्या सहा तिकिटांपासून. डिंकाचा थर जाड आणि पिवळा झाला असेल तर पेट्रोल टाकूनही वॉटरमार्क धूसरच दिसतो. डिंकाच्या वादात हा मुद्दा कुणी मांडत नाही, मांडायला हवा.

हिंज हा त्या काळचा सर्वमान्य उपाय. पातळ, अर्धपारदर्शक कागदाची एक बाजू डिंकाची असते. तिचा एक तृतीयांश भाग दुमडायचा, तो लहान भाग जिभेने किंचित ओला करून तिकिटाच्या वरच्या कडेखाली लावायचा, मोठा भाग अल्बमच्या पानावर. ओलावा जास्त झाला की डिंक पसरून तिकीटच पानाला चिकटते. काढताना घाई केली की तिकिटाच्या पाठीचा पापुद्रा निघतो. जाणकार याला 'थिन' म्हणतात, आणि थिन पडलेल्या तिकिटाची किंमत डिंक नसलेल्या तिकिटापेक्षाही खाली जाते. लावलेला हिंज निदान तासभर तरी पूर्ण वाळू द्यावा, मगच हात लावावा. सहज सुटणारे जुने हिंज आता बनत नाहीत आणि नव्यांना ती सर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या बाजारात हिंज न लागलेल्या तिकिटाला वेगळी, वाढीव किंमत मिळू लागली. तो निकष पुढे आपल्याकडेही आला आणि इथल्या हवेचा विचार न करता स्वीकारला गेला.

हवा हेच खरे कारण आहे. तिकिटांचा जुना डिंक वनस्पतिजन्य, म्हणजे हवेतले पाणी शोषणारा. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की त्यावर बुरशी धरते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे 80 च्या वर असते. बुरशीला डिंक म्हणजे आयते अन्न, आणि कसरीलाही. आधी दातऱ्यांच्या टोकांवर तांबूस ठिपके येतात, कारण तिथे कागदाचे तंतू उघडे असतात. मग ठिपके पाठीवर पसरतात आणि शेवटी समोरून दिसू लागतात. याला टोनिंग म्हणतात. उन्हाळ्यात तोच डिंक आकसतो, तिकीट सुरळी होऊन वळते आणि डिंकाला पडलेली चीर कागदात उतरते. स्वतंत्र भारतातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 15 ऑगस्ट 1948 चा गांधीजींचा संच: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडची. पूर्ण संचाला अकरा रुपये एक आणा पडत, त्यातले दहा एकाच तिकिटाचे, म्हणून ते फार थोड्यांनी घेतले. ज्यांनी घेऊन कपाटात ठेवले त्यांच्यातल्या अनेकांच्या प्रती आज पाठीवर तपकिरी डागांनी भरलेल्या आहेत. समोरचा चेहरा स्वच्छ आणि पाठ गेलेली, अशी दहा रुपयांची गांधी तिकिटे बाजारात नेहमी येतात.

मग डिंक धुवावा की नाही? बाजाराचे उत्तर ठरलेले: धुऊ नका, दर पडेल. कागदाचे उत्तर वेगळे आहे. डिंक हा तिकीट पाकिटाला चिकटवण्यासाठी लावलेला पदार्थ. चित्र, छपाई, वॉटरमार्क, दातरे यांपैकी काहीही त्यात नाही. 1935 साली जर्मनीत, कोनिग्सबर्गच्या प्रदर्शनासाठी निघालेल्या चार तिकिटांच्या लहान शीटचा डिंक आम्लयुक्त होता. तो कागदच खाऊ लागला, तेव्हा डिंक धुऊन टाकण्याचा सल्ला जाणकारांनीच दिला आणि कॅटलॉगांनी बिनडिंकाच्या प्रतीला स्वतंत्र भाव दिला. म्हणजे कागद वाचवण्यासाठी डिंक सोडणे हा अपराध नव्हे, हे युरोपनेही एकदा मान्य केले आहे. आपल्याकडे दमट हवा तेच काम सावकाश करते. 1960 च्या आधीच्या तिकिटाच्या डिंकावर डाग सुरू झाले असतील आणि घर समुद्राजवळ असेल, तर धुणेच योग्य. डाग नसतील तर डिंकाला हात लावू नये, जागा कोरडी करावी.

धुताना घाई नको. आधी त्याच मालिकेतले एखादे स्वस्त तिकीट घेऊन शाई सुटते का ते पाहावे. दोन उथळ बशा घ्याव्यात, दोन्हींत साधारण खोलीच्या तापमानाचे डिस्टिल्ड पाणी. तिकीट नायलॉनच्या जाळीच्या तुकड्यावर, चित्र वर करून पहिल्या बशीत सोडावे. 10 ते 15 मिनिटांत डिंक फुगून बुळबुळीत होतो. तो नखाने किंवा चिमट्याने खरवडायचा नाही. ओला कागद ताणला जातो आणि दातरे तुटतात. मऊ कुंचला आडवा धरून एकदाच हलका फिरवावा, जाळीसकट दुसऱ्या बशीत न्यावे, तिथे पाच मिनिटे. मग टिपकागदावर पालथे. तासाभराने टिपकागद बदलून वर जाड पुस्तक ठेवावे आणि एक दिवस विसरून जावे. वाळलेले तिकीट हातात येते तेव्हा पाठ पांढरी, सपाट असते आणि चांदण्यांच्या ओळी नुसत्या उजेडासमोर धरल्या तरी दिसतात. या छंदातला खरा आनंद असल्या क्षणांत आहे.

धुण्याने आधीचे तपकिरी डाग जात नाहीत, वाढायचे थांबतात. डाग घालवायला घरातले ब्लीच वापरणारे पुढे पस्तावतात, कारण कागदात राहिलेले क्लोरीन तंतू कुजवते. खडूचा लेप असलेल्या कागदावरची तिकिटे पाण्यात घालूच नयेत, लेपाबरोबर चित्रही सुटते. चार तिकिटांचे ब्लॉक धुतले तर मधली छिद्रे सुटून चार सुटी तिकिटे हाती येतात. आणि रबरी शिक्क्याने ओव्हरप्रिंट केलेली, म्हणजे वर जादा मजकूर उमटवलेली, तिकिटे तर मुळीच नकोत. बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी 1971 च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे झाले. छापील तिकिटे पोचेपर्यंत ठिकठिकाणी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर हाती शिक्के मारले गेले. ती शाई पाण्याने पसरते. तसे शिक्के आजही कुणीही बनवू शकतो, त्यामुळे ही तिकिटे सुटी घेण्यात अर्थ नाही. तारखेच्या छापासकट पूर्ण पाकीट असेल तरच घ्यावीत.

धुतल्याची नोंद अल्बमच्या पानावर पेन्सिलीने, तारखेसह करावी आणि विकताना सांगावे. ही नोंद न करणाऱ्यांमुळेच उलटी फसवणूक चालते: धुतलेल्या किंवा हिंज लागलेल्या तिकिटाला नवा डिंक लावून 'दोन चांदण्यां'च्या भावाने विकणे. ओळखायची जागा दातऱ्यांची टोके. छापखान्यात आधी शीटला डिंक लागतो, मग छिद्रे पडतात. तिकीट फाडल्यावर टोकांवरचे तंतू मऊ आणि कोरडे राहतात. नंतर डिंक लावला की तो या तंतूंमध्ये शिरतो आणि टोके कडक होतात. बोटाच्या टोकावरून हलकेच फिरवली तर टोचतात, दहा पटींच्या भिंगाखाली चकाकतात. उलट बाजूचीही एक गफलत होते. ब्रिटनमध्ये 1968 पासून वापरात आलेला पीव्हीए हा कृत्रिम डिंक जवळजवळ बिनरंगी आणि बिनचमकीचा असतो. तो पाहून अस्सल तिकीट 'डिंक नाही' म्हणून कमी भावात देणारे विक्रेते आजही भेटतात.

साठवणुकीत चुका होतात त्या बहुतेक प्लॅस्टिकच्या. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतला तेलकट घटक काही वर्षांनी शाईत उतरतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्यावे. स्टॉक बुक (तिकिटे पट्ट्यांत खोचून ठेवायची वही) उभे ठेवावे. आडवे एकावर एक रचले की पावसाळ्यात डिंक पट्टीला चिकटतो, आणि मग ते तिकीट निघते तेव्हा पाठ मागेच राहते. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला लावू नये. महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, पाने उघडून हवा द्यावी. एवढे केले तर धुण्याची वेळ येत नाही.

वापरलेली तिकिटे जमवणाऱ्याला डिंकाची वेगळी चिंता. आपल्या टपाल कार्यालयांत खिडकीजवळ डिंकाची बाटली ठेवण्याची प्रथा जुनी आहे, कारण तिकिटाच्या स्वतःच्या डिंकावर लोकांचा भरवसा नाही. परिणामी पाकिटावरच्या तिकिटाखाली दोन थर असतात. साधा डिंक पाण्यात 15-20 मिनिटांत सुटतो. घरून पांढरा सिंथेटिक गोंद लावलेला असेल तर तासभर भिजवूनही तिकीट हलत नाही. जबरदस्ती करण्यापेक्षा भोवती एक सेंटिमीटर कागद सोडून कापावे आणि तसेच ठेवावे. गडद रंगाच्या पाकिटांचे तुकडे वेगळ्या पाण्यात भिजवावेत. एका लाल पाकिटाचा रंग पूर्ण बशीतल्या तिकिटांना लागतो.

अलीकडे वापरलेल्या तिकिटांचा हा पुरवठाच आटला आहे. 1947 साली स्वतंत्र भारताने एकूण तीन तिकिटे काढली होती. आता वर्षाकाठी डझनावारी निघतात आणि त्यांतली बरीचशी काउंटरवरून थेट अल्बमात जातात. 2006 च्या डिसेंबरात चंदनाच्या वासाचे पंधरा रुपयांचे तिकीट आले, 2011 च्या दिल्लीतल्या जागतिक तिकीट प्रदर्शनात खादीवर छापलेले गांधीजींचे शंभर रुपयांचे. त्याच प्रदर्शनापासून 'माय स्टॅम्प' सुरू झाले, पाच रुपयांच्या बारा तिकिटांचे शीट तीनशे रुपयांना. साठ रुपयांच्या टपालासाठी तीनशे रुपये, आणि वर सोयीप्रमाणे कुणाचाही फोटो. त्याला मालिकेत जागा द्यावी की नाही, यावर संग्राहकांत अजून एकमत नाही. आमच्या मते ते वेगळ्या अल्बमात असावे.

पत्रावर मात्र आता बारकोडचे लेबल येते. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यापासून तिकिटे लावलेली रजिस्टर पाकिटे अधिकच दुर्मीळ होणार. पाठवताना सगळी तिकिटे वरच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून सेंटिमीटरभर आत लावावीत, डावी बाजू लेबलासाठी मोकळी सोडावी आणि तारखेचा शिक्का हाताने मारण्याची विनंती करावी. लेबल तिकिटावर आले तर काढायला जाऊ नये. त्याचा गोंद पाण्याने सुटत नाही, ओढले तर चित्राचा थर घेऊन येतो. असे पाकीट अख्खेच ठेवावे, पॉलिएस्टरच्या पिशवीत, आत दुमडलेला कागद काढून टाकून.