हवाई अंतर एकच, मग जायला आठ तास आणि यायला सात का?

लंडन ते न्यू यॉर्क हवाई अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. मोठं जेट विमान ताशी ९००च्या आसपास उडतं. भागाकार केला तर सहा तास दहा मिनिटं येतात. तिकिटावर मात्र जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सात तासांच्या आसपास लिहिलेलं असतं. अंतर कळलं म्हणजे वेळही कळली असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो. अंतर जमिनीचं असतं. विमान हवेत उडतं आणि ती हवा स्वतःच वाहत असते.

अंतराचं त्यामानाने सोपं आहे. फक्त सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. न्यू यॉर्क लंडनच्या बरंच दक्षिणेला आहे, तरी दोरा आधी उत्तरेकडे झुकतो आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंड बेटाकडून खाली उतरतो. हेच ते हवाई अंतर. जाताना-येताना ते तेवढंच राहतं.

वेळ बदलते ती वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी ९०० हा वेग हवेच्या तुलनेत असतो. पाठीशी ताशी १०० किलोमीटरचा वारा असला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग १,००० होतो आणि तेच अंतर पाच तास तेहतीस मिनिटांत कापलं जातं. तोच वारा समोरून आला तर वेग ८०० वर येतो, आणि सहा तास छप्पन्न मिनिटं लागतात. जाताना जे गेलं ते येताना भरून निघेल असं वाटतं ना? निघत नाही. दोन्ही मिळून बारा तास एकोणतीस मिनिटं होतात, वारा नसता तर बारा तास वीस मिनिटं झाली असती. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून नुकसान फायद्यापेक्षा मोठं. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यू यॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३००च्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

तिकिटावरचा वेळ हा नुसता हवेतला वेळ नसतो, हेही लक्षात ठेवा. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून उतरल्यावर पुन्हा जागी उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, उड्डाणासाठीची रांग, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, सगळं त्यातच. म्हणून पायलट ‘उड्डाणाचा वेळ सहा तास दहा मिनिटं’ असं सांगतो आणि हातातल्या तिकिटावर सात तास असतात. दोघंही खरंच सांगत असतात.

आणि तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी करू नका, त्या ज्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. या दोन शहरांत बहुतेक वर्षभर पाच तासांचा फरक असतो. लंडनहून सकाळी ११ला निघून न्यू यॉर्कला दुपारी २ला उतरलात, तर तो तीन तासांचा नव्हे, आठ तासांचा प्रवास झाला.