फ्लूच्या सुईनेच फ्लू होतो का?

"म्हाताऱ्या माणसाला फ्लूची सुई देऊ नका, तिच्यानेच फ्लू होतो" हा मेसेज आपल्या जळगाव-धुळ्याकडे वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे, कारण सुईनंतर एखाद-दोन दिवस दंड दुखतो, अंग कसकसतं, कधी बारीक तापही येतो. पण तो फ्लू नाही. दंडात देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेला किंवा त्याचे तुकडे असतात, ते अंगात वाढूच शकत नाहीत.

मग काहींना आठवड्याभरात ताप-खोकला का येतो? तर संरक्षण तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात, त्याआधी लागण झाली तर फ्लू होऊ शकतो, शिवाय साधी सर्दी वेगळ्या विषाणूंची, तिला ही लस अडवत नाही. खात्री करायची तर दवाखान्यात लसीचा खोका मागून वाचा, बहुतेक खोक्यांवर इंग्रजीत 'इनॅक्टिव्हेटेड' म्हणजे निष्क्रिय असं छापलेलं असतं.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो हे खरंय, पण 65 च्या पुढे, त्यात शुगर नाहीतर दमा असला की तो न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो, तो धोका लसीने कमी होतो. विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यायची, आमच्या आबांना आम्ही पेरणीच्या धांदलीआधीच नेतो. आधी कुठल्या लसीची जोरात रिअ‍ॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.