एक टिक म्हणजे ब्लॉक नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील तरुण-तरुणींमध्ये एक समज बरीच वर्षे रुजला आहे: व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या संदेशापुढे एकच करडी टिक दिसली, की समोरच्याने आपल्याला ब्लॉक केले. हा समज चुकीचा आहे. एका टिकचा अर्थ एवढाच, की संदेश आपल्या फोनमधून निघाला, पण समोरच्याच्या फोनवर पोहोचला नाही. फोन बंद असेल, डेटा संपला असेल किंवा ती व्यक्ती ऐन पावसात जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात रेंजबाहेर असेल, तरीही हेच चिन्ह दिसते. असा संदेश सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत राखून ठेवला जातो. ब्लॉक केल्यावरही एकच टिक राहते हे खरे, परंतु ब्लॉक करणाऱ्याची गोपनीयता जपली जावी म्हणून कंपनीने ही खूण मुद्दामच संदिग्ध ठेवली आहे. फोटो किंवा ‘लास्ट सीन’ न दिसणे हाही पुरावा नव्हे, कारण दोन्ही सेटिंगमधून लपवता येतात. संदेश वाचल्याचे दाखवणाऱ्या, २०१४ मध्ये आलेल्या निळ्या टिकाही बंद ठेवता येतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कामाची पाळी संपवून रात्री उशिरा फोन उघडणाऱ्या मुलाशी जुळत आलेले नाते केवळ या एका खुणेवरून तोडणे मला फार अन्यायाचे वाटते.