घरगुती सुऱ्यांना धार लावणे

सुरी, चाकू, विळी यांच्या पात्याची बोथट झालेली कड त्याहून कठीण पदार्थावर घासून पुन्हा पातळ करणे, म्हणजे धार लावणे. प्रस्तुत नोंदीत या कामाच्या साधनांचा व पद्धतींचा विचार नाशिकमधील स्वयंपाकघरे डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

सुरी दोन तऱ्हांनी बोथट होते. कधी कड झिजून गोलसर होते, तर कधी ती नुसतीच एका अंगाला मुडपते. मुडपलेली कड स्टीलच्या कांडीवरून दोन्ही बाजूंनी चार-सहा वेळा हलक्या हाताने फिरवली की सरळ होते. झिजलेल्या कडेला मात्र कांडीचा उपयोग नाही, तिला दगडच हवा. कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात भाजी चिरण्याची सवय असलेल्या घरात कोणतेही साधन आणले तरी धार टिकत नाही. आधी लाकडी पाट घ्यावा, मग दगडाचा विचार करावा.

नाशिक दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. इथले पाटे, जाती, उखळे याच काळ्या दगडाची. पाट्याच्या कडेवर विळी घासण्याची रीत त्यातूनच आली. पण बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतो. त्यातील फेल्डस्पार व पायरोक्सिन ही खनिजे मोसच्या मापनात (कठिणतेच्या १ ते १० अंकी श्रेणीत) ६ च्या आसपास येतात, म्हणजे कठीण केलेल्या पोलादाच्या जेमतेम बरोबरीची. म्हणून पाट्यावर धार येते ती ओबडधोबड, आणि वेळही फार जातो. वालुकाश्मात ७ कठिणतेचे क्वार्ट्झ असल्याने तो उत्तम निसणा, म्हणजे धार लावण्याचा दगड, ठरतो, पण तो या भागातला दगड नव्हे. १८९१ मध्ये अमेरिकी संशोधक एडवर्ड ॲचेसन याला सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ तयार करण्याची रीत सापडली आणि ही अडचण सर्वत्रच संपली. हार्डवेअरच्या दुकानात ‘कार्बोरंडम’ नावाने मिळणारा दुतोंडी दगड त्याचाच. त्याची कठिणता ९ च्या वर आहे. एक बाजू भरड, दुसरी बारीक असा हा दगड बहुतेक घरांना पुरतो.

दगडापेक्षा पाते दगडावर टेकवण्याचा कोन महत्त्वाचा. भारतीय बाजारातल्या साध्या स्टेनलेस सुरीला दर बाजूस सुमारे २० अंश कोन ठेवावा. जपानी पद्धतीच्या कठीण पोलादाला १५ अंश चालतो, मऊ पोलादाची इतकी पातळ कड मात्र लगेच मुडपते. कोन डोळ्यांनी मोजता येत नाही, पण उंची मोजता येते: पाते ४० मिमी रुंद असेल, तर २० अंशांसाठी पात्याची पाठ दगडापासून सुमारे १४ मिमी वर हवी, १५ अंशांसाठी १० मिमी. ही उंची शेवटपर्यंत न बदलणे हेच खरे कसब. घाई करणाऱ्याच्या हाती कड गोल होते आणि दोष दगडाला दिला जातो.

भरड बाजू ओली करून पाते एकाच बाजूने घासत राहावे. काही वेळाने पलीकडच्या अंगाला धातूची बारीक किनार उभी राहते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ती ‘बर’ म्हणून ठाऊक असते. पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बर बोटाला जाणवली, तरच ती बाजू झाली असे समजावे. मग दुसरी बाजू, त्यानंतर बारीक दगड, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या अंगावर पाते मागे ओढून बर काढून टाकावी. बर राहिलेली सुरी पहिल्या दिवशी झकास चालते आणि दुसऱ्या दिवशी रुसते. परीक्षेला पिंपळगाव बसवंतचा टणक सालीचा टोमॅटो उत्तम: दाब न देता साल कापली गेली पाहिजे.

दगडावर खाद्यतेल घालू नये. ते सुकून चिकट होते आणि दगडाची छिद्रे बुजतात. पाणी पुरते.

दगड नसेल, तर सपाट काचेवर ४०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिकटवावा व पाते नेहमी पाठ पुढे, धार मागे ठेवून ओढावे. चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत, चकाकी नसलेली कड अडीअडचणीला कामास येते. दोन पाती ‘व्ही’ आकारात बसवलेले, सुरी ओढून घेण्याचे स्वस्त यंत्र झटपट धार देते, पण ते धातू ओरबाडते आणि कोन ठरलेलाच असतो. चांगल्या सुरीला ते लावू नये, दोनशे रुपयांच्या सुरीला हरकत नाही.

सायकल स्टँडवर लावून पेडलने चाक फिरवणाऱ्या धारवाल्याची गरज दगड घरात आला तरी संपत नाही. टवका उडालेले पाते, मोडलेले टोक हाताने दुरुस्त करायला तासन् तास लागतात, चाकावर ते मिनिटांचे काम. मात्र कोरड्या चाकावर पाते तापते. सुमारे ३०० अंश सेल्सियसला पोलादावर निळसर झाक येते आणि तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो. पाते मधूनमधून पाण्यात बुडवणारा धारवाला निवडावा.

विळीचे गणित उलटे. तिचे पाते जागचे हलत नाही, म्हणून दगडच हातात धरून पात्यावरून फिरवावा लागतो. बुधवारच्या बाजारातून आणलेली लोखंडी विळी स्टेनलेसपेक्षा सोपी धार घेते, पण पावसाळ्यात पुसून तेलाचा हात न लावल्यास गंजते. टोकाच्या खवणीच्या दात्यांना दगड लागू पडत नाही, त्यांच्यासाठी बारीक तिकोनी कानस लागते. द्राक्षबागेतील छाटणीच्या कात्रीलाही स्वतंत्र नियम आहे. तिचे कापणारे पातेच, तेही फक्त उताराच्या बाजूने घासायचे. सपाट बाजूला उतार पडला, तर दोन पात्यांत फट राहते आणि काडी कापली न जाता चेंगरते.